क्रोमियम किती, आणि कोणतं?

बुलढाणा जिल्ह्याच्या खात्यावर क्रोमियमची एक मोठी कामगिरी जमा आहे. लोणारचं विवर ज्या उल्केनं खोदलं तिचा तुकडाही आज कुणाच्या हाती नाही. तरीही २०१९मध्ये संशोधकांनी विवरातल्या, आघातानं वितळलेल्या खडकांतलं क्रोमियम तपासलं, त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण पाहिलं आणि सांगितलं की काही नमुन्यांत ३ टक्क्यांपर्यंत द्रव्य उल्केचं आहे. ती उल्का बहुधा कार्बनयुक्त कॉन्ड्राइट, कदाचित सीएम जातीची असावी. आघातानंतर पावणेसहा लाख वर्षांनी पटलेली ही ओळख. त्याच जिल्ह्यात विहिरीच्या पाण्याचा, कारखान्याच्या सांडपाण्याचा किंवा शेतातल्या मातीचा अहवाल हाती येतो, तेव्हा त्यात क्रोमियमची नोंद असलीच तर ती बहुतेकदा एका आकड्याची असते. किती ते कळतं, कोणतं ते कळत नाही.

तो एक आकडा पुरे की नाही, यावर इथं दोघं वाद घालताहेत. काका खामगावचे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. पुतणी पुण्यात धातूंच्या सूक्ष्म विश्लेषणाचं काम करते. दोघं कल्पित आहेत, पण त्यांचा वाद आणि त्यातले आकडे खरे आहेत.

काका : आधी माझं पुरतं ऐकून घे. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक म्हणजे आयएस १०५००, सन २०१२चं. त्यात क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि तीही एकूण क्रोमियमची. तीन संयुजेचं ट्रायव्हॅलंट किती, सहा संयुजेचं हेक्झाव्हॅलंट किती, हे त्यात विचारलेलंच नाही. यात शहाणपण आहे. एकूण ०.०२ निघालं, तर त्यातलं हेक्झा ०.०२च्या वर जाणार कुठून? सगळंच वाईट धरून मर्यादा घातली की वाटणी मोजत बसायला नको.

पुतणी : गणिताला माझी हरकत नाही, काका. पण ही दोन क्रोमियमं नावापुरतीच भावंडं आहेत. ट्राय पेशीत सहजासहजी शिरत नाही. हेक्झा म्हणजे क्रोमेट. त्याची ठेवण सल्फेटसारखी असते, त्यामुळे पेशी सल्फेटच्याच वाटेनं त्याला आत घेते. आत गेल्यावर त्याचं ट्राय होतं, पण होता होता ते डीएनएला इजा करतं. आयएआरसी या जागतिक कर्करोग संस्थेनं १९९०मध्ये हेक्झा संयुगांना पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्यांत. ट्रायला तिसऱ्या गटात, म्हणजे तसं ठरवता न येणाऱ्यांत. असल्या दोघांची बेरीज करून एक आकडा द्यायचा, हे मला पटत नाही.

काका : पटायला पुण्यातलं यंत्र हाताशी असावं लागतं. आमच्याकडे एका तालुक्याच्या विहिरी, कूपनलिका, नळयोजना, सगळ्यांचे नमुने यायचे. प्रत्येकाचं क्रोमियम दोनदा दोन पद्धतींनी मोजायचं म्हटलं, तर अर्ध्या गावांचं पाणी तपासायचंच राहून गेलं असतं. आणि बेरीज घेण्याला आणखी एक कारण आहे, ते तू सांगत नाहीस. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. त्यातला क्लोरिन ट्रायचं हळूहळू हेक्झा करू शकतो. मी टाकीपाशी मोजलेली वाटणी शेवटच्या नळाला तशीच राहील, याची हमी कोण देणार? वाटणी बदलली तरी बेरीज बदलत नाही. म्हणून बेरजेवर मर्यादा.

पुतणी : टीसीएलचा मुद्दा बिनतोड आहे. पिण्याच्या पाण्यापुरती मी माघार घेते, पण एका अटीवर. ती बेरीज तरी खरी असली पाहिजे.

काका : काहून नसावी?

पुतणी : पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं पाणी आहे म्हणून. आमच्या आयसीपी-एमएस यंत्रात नमुना आर्गॉनच्या प्लाझ्मात जातो आणि अणू त्यांच्या वजनानुसार मोजले जातात. क्रोमियमचा सगळ्यात मोठा हिस्सा, जवळजवळ ८४ टक्के, ५२ वजनाचा. आता सांगा, आर्गॉन ४० आणि कार्बन १२ एकमेकांना चिकटले तर?

काका : बावन्न.

पुतणी : क्लोरिन ३५, ऑक्सिजन १६ आणि हायड्रोजन १?

काका : तेही बावन्न.

पुतणी : आणि ३७ वजनाचं क्लोरिन, १६ ऑक्सिजन?

काका : त्रेपन्न. म्हणजे क्रोमियमचा पुढचा समस्थानिकही गढूळ झाला. आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचं पाणी म्हणजे क्लोराइडनं भरलेलं, बायकार्बोनेटही बक्कळ.

पुतणी : आम्ल घातलं की बायकार्बोनेटमधला बराचसा कार्बन वायू होऊन निघून जातो. क्लोराइड मात्र जागचं हलत नाही. पाण्यात क्रोमियम नसलं तरी यंत्र काहीतरी आकडा दाखवणार. म्हणून यंत्रात हेलियम सोडून हे जोडअणू रोखावे लागतात.

काका : यावर आमचा जुना उपाय होता. नमुन्यात मोजून-मापून क्रोमियमची भर घालायची आणि पुन्हा मोजायचं. ०.०५ घातलं तर आकडा ०.०५नं वाढला पाहिजे. वाढला, तर पद्धत ठीक.

पुतणी : तो उपाय चांगला आहे, पण इथं अपुरा पडतो. खारं पाणी आधीच ०.०१चा खोटा आकडा देत असेल, तर तुमची भर त्यावर बिनचूक चढेल. परतावा शंभर टक्के आणि मूळ आकडा तरीही खोटा. भर घालून पाहिली की यंत्र नमुन्यामुळे दबतंय का, एवढंच कळतं. आधीपासून वर बसलेला खोटा आकडा त्यात दिसत नाही. तो पकडायचा तर ५२ आणि ५३, दोन्ही वजनांवर मोजून उत्तरं जुळतात का ते पाहायचं. नाहीतर क्रोमियम नसलेलं, तेवढंच खारट पाणी मुद्दाम तयार करून यंत्रातून काढायचं. ते शून्याजवळ आलं, तरच विहिरीच्या आकड्यावर विश्वास.

काका : हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण बेरजेवरचा माझा विश्वास काही ढळत नाही. आपल्या शेगावचंच बघ. २०२४च्या डिसेंबरअखेर बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस झडायला लागले. बघता बघता टक्कल. अठरा गावं, पावणेतीनशेच्या आसपास माणसं. पहिला संशय पाण्यावर. नायट्रेट जास्त, क्षार जास्त, हे खोटं नव्हतं. पण ते पाणी तर लोक वर्षानुवर्षं पीत आलेले, तेव्हा कुणाचे केस गेले नव्हते. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या उपचारासाठी जग ज्यांना ओळखतं ते, गावांत आले. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या गव्हात इथल्या गव्हाच्या ६०० पट सेलेनियम होतं. हे कशानं कळलं? एकूण सेलेनियम मोजून. रूपं वेगळी काढत बसले असते तर?

पुतणी : सेलेनियमलाही रूपं आहेत. सेलेनेट, सेलेनाइट, आणि गव्हात प्रामुख्यानं सेलेनोमेथिओनिन. अंगात किती मुरतं, किती दिवस राहतं, हे रूपावर ठरतं. तरी तुमचं म्हणणं खरं आहे. ६०० पटीचा फरक असतो तिथं एकूण आकडाही बोट दाखवायला पुरतो. पण त्या प्रकरणातून मी दुसरी गोष्ट घेते. पाण्याचे किती का आकडे असेनात, गव्हातलं सेलेनियम त्यांत दिसणार नव्हतं. आपण काय मोजायला घेतो, यावर काय सापडणार ते ठरतं. क्रोमियमच्या अहवालात हेक्झाची ओळच नसेल, तर हेक्झा कधीच सापडणार नाही.

काका : पाण्यात सापडायची गरज नाही, हे तू आत्ताच कबूल केलंस.

पुतणी : पिण्याच्या पाण्यात. आता सांडपाण्यावर या. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी केंद्राच्या नियमांत मर्यादा दोन आहेत. एकूण क्रोमियम लिटरमागे २ मिलिग्रॅम, हेक्झा ०.१. प्लेटिंगच्या एखाद्या कारखान्याचं एकूण १.५ आलं. तुमच्या हिशेबानं तो पास. पण ते सगळं हेक्झा असेल तर?

काका : पंधरापट नापास.

पुतणी : इथं तुमच्या बेरजेची मर्यादा इतकी सैल आहे की वाटणी न बघता निकाल देताच येत नाही. मातीत तर याहून मोठा घोळ. आपली काळी माती बेसाल्टची. बेसाल्टमध्येच किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त क्रोमियम असतं. ते सगळं ट्राय, खनिजांत घट्ट बसलेलं, पिकाला आणि पाण्याला फारसं न मिळणारं. कडक आम्लात माती विरघळवून एकूण आकडा छापला, की शेतकरी घाबरणार. लोणारला संशोधकांपुढे हीच अडचण होती. बेसाल्टचं स्वतःचं क्रोमियम होतं, आणि त्यात मिसळलेलं उल्केचं ओळखायचं होतं. सीएम जातीच्या उल्केत किलोमागे सुमारे ३ ग्रॅम क्रोमियम असतं, पण नुसत्या वाढीव आकड्यानं ती पटवता आली नसती. त्यांनी ५४ वजनाच्या समस्थानिकातला अगदी बारीक फरक टिपला, तेव्हा ओळख पटली.

काका : ते समस्थानिक, आणि आपण बोलतोय संयुजेबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी.

पुतणी : वेगळ्या आहेत, पण एकीनं दुसरी पकडता येते. हेक्झा मोजण्यातली खरी डोकेदुखी म्हणजे मोजता मोजता रूप बदलतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची ६८०० क्रमांकाची एक पद्धत आहे. तिच्यात नमुन्यात दोन ठशांचं क्रोमियम घालतात : ट्राय ५० वजनाच्या समस्थानिकानं समृद्ध केलेलं, हेक्झा ५३ वजनाच्या. तपासणी संपल्यावर ५० वजनाचं हेक्झात सापडलं, तर तेवढं ट्राय वाटेत हेक्झा झालं. ५३ वजनाचं ट्रायमध्ये सापडलं, तर उलटं घडलं. मग हिशेब करून मूळची वाटणी काढायची.

काका : हे झालं संशोधनाचं. जिल्ह्यातला माणूस डायफिनाइल कार्बाझाइडच वापरणार. आम्लात हेक्झाशी मिळून जांभळट लाल रंग, ५४० नॅनोमीटरवर वाचायचा. स्वस्त, जुनं आणि चांगलं. फक्त पाणी आधीच रंगीत किंवा गढूळ असलं, लोह जास्त असलं, की रंग फसवतो.

पुतणी : मीही तेच वापरा म्हणते. यंत्र महाग म्हणून हेक्झा मोजता येत नाही, ही सबब आहे. हेक्झा चुकतं ते बहुतेकदा बाटलीत. तुम्ही एकूण धातूंसाठी पाणी घेता तेव्हा काय घालता?

काका : नायट्रिक आम्ल. सामू २च्या खाली, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत.

पुतणी : आणि त्याच बाटलीतून हेक्झा मोजायला गेलात, तर त्या आम्लात सेंद्रिय द्रव्य आणि फेरस लोह मिळून हेक्झाचं ट्राय करून टाकतात. अहवाल येतो ‘आढळलं नाही’. हेक्झासाठी वेगळी बाटली हवी. पाणी विहिरीपाशीच गाळायचं, अमोनियमचा बफर घालून सामू ९.३ ते ९.७ करायचा, बर्फात ठेवायचं. अशा नमुन्याला २८ दिवस मिळतात. बफर नसेल तर २४ तासांत मोजून मोकळं व्हायचं. खामगावहून पार्सल कधी निघालं, पुण्याला कधी पोचलं, हे अहवालावर हवं.

काका : आणि मातीचं?

पुतणी : मातीला सोडा आणि कॉस्टिकच्या द्रावणात ९० ते ९५ अंशांवर तासभर ठेवायचं. अल्कधर्मी द्रावणात हेक्झा टिकतं, पण गरम करताना ट्रायचं हेक्झा व्हायचाही धोका असतो, म्हणून मॅग्नेशियम आणि फॉस्फेट बफर घालतात. आता तुमचा भर घालायचा उपाय इथं करा. हेक्झा घातलं आणि परत आलंच नाही, तर?

काका : आम्ही म्हणायचो प्रयोगशाळा चुकली, पुन्हा करा.

पुतणी : कधीकधी प्रयोगशाळा चुकलेली नसते. मातीत सेंद्रिय द्रव्य किंवा सल्फाइड भरपूर असलं की ती घातलेलं हेक्झा खाऊन टाकते. अशा मातीत हेक्झा टिकणारच नाही, हेच तिचं उत्तर. पण ते तसं म्हणायला मातीचा सामू आणि तिचा ऑक्सिडीकरण विभवही मोजलेला हवा. मँगनीजची ऑक्साइडं असलेली माती उलट करते, ट्रायचं हेक्झा. आणि हेक्झा जमिनीत काय करतं ते तमिळनाडूतल्या राणीपेटला बघा. क्रोमेट बनवणारा कारखाना १९९५च्या सुमाराला बंद झाला, पण मागे उरलेल्या लाखभर टनांहून मोठ्या ढिगातून ते भूजलात झिरपतच राहिलं.

काका : ठीक. सांडपाणी तुझं, माती तुझी. पिण्याचं पाणी माझं. हवा कुणाची?

पुतणी : हवा सर्वस्वी माझी. स्टेनलेस स्टीलची वेल्डिंग घ्या. धुरात ट्राय असतं, हेक्झा असतं, धातूरूपातलं क्रोमियमही असतं. काडीनं वेल्डिंग केलं तर काडीच्या लेपातल्या सोडियम-पोटॅशियममुळे हेक्झाचा वाटा टिग वेल्डिंगपेक्षा जास्त निघतो. म्हणजे एकाच दुकानात, एकूण क्रोमियम तेवढंच असताना, धोका वेगळा.

काका : आपल्या कारखाना कायद्यात मर्यादा होती ना? क्रोमिक आम्ल आणि क्रोमेटसाठी घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम.

पुतणी : म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेनं २००६मध्ये हेक्झासाठी ती ५ केली, आपल्या दहापट कडक. त्यांच्याच नायोश या संशोधन संस्थेची शिफारस ०.२ची. आता हिशेब करा. कामगाराच्या कॉलरला पंप लावला, मिनिटाला २ लिटर, आठ तास.

काका : ९६० लिटर. घनमीटरला थोडं कमी. म्हणजे ओशाच्या मर्यादेवर फिल्टरवर जेमतेम ४.८ मायक्रोग्रॅम. नायोशच्या शिफारशीवर तर ०.२ मायक्रोग्रॅमही नाही.

पुतणी : एवढ्याशा हेक्झाला फिल्टरही खातो. सेल्युलोजच्या फिल्टरवर ते ट्राय होऊ लागतं, म्हणून पीव्हीसीचा फिल्टर लागतो. धुरातलं लोहही त्याला खातं, म्हणून वेल्डिंगचा फिल्टर आठवड्याभरात तपासायचा. प्लेटिंगच्या टाकीवरचं क्रोमिक आम्ल असेल, तर फिल्टर त्याच दिवशी अल्कधर्मी द्रावणात बुडवून ठेवणं बरं. असा फिल्टर टेबलाच्या खणात पंधरा दिवस राहिला, तर दुकान कागदावर स्वच्छ आणि वेल्डर मात्र तोच धूर ओढतोय.

काका : मग वेल्डरची लघवीच तपासा. सोपं पडतं.

पुतणी : लघवीत निघतं ते सगळं ट्राय, कारण शरीरात हेक्झाचं ट्राय होतं. क्रोमियम अंगात गेलं एवढं कळतं, कोणतं गेलं ते नाही. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी. ट्राय त्यांत जवळजवळ शिरत नाही, हेक्झा शिरतं आणि पेशी जगेल तोवर, म्हणजे जवळपास चार महिने, अडकून राहतं. पण त्यासाठी रक्त काढावं लागतं आणि नळीतून मिसळणारं क्रोमियमही सांभाळावं लागतं. हवा नीट मोजणं त्याहून सोपं.

काका : तरी मी बेरीज सोडणार नाही. ती चाळणी आहे. खाली पडलं ते सोडून द्यायचं, वर राहिलं तेवढंच तुझ्या यंत्राकडे. जिल्ह्याचा पैसा असाच पुरतो.

पुतणी : चाळणीची भोकं बारीक असतील तिथंच. पिण्याच्या पाण्यात आज ती तशी आहेत. कॅलिफोर्नियानं २०२४पासून नळाच्या पाण्यातल्या हेक्झावर लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची स्वतंत्र मर्यादा घातली. उद्या आपण तिथवर आलो, तर तुमची ५०ची चाळणी बदलावी लागेल.

काका : बदलू. चाळायचं थांबवू नये, एवढंच माझं म्हणणं.

दोघांचा वाद इथं मिटत नाही, पण वाटण्या स्पष्ट होतात. पिण्याच्या पाण्यासाठी एकूण क्रोमियम पुरेसं आहे, मात्र पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्यात तो आकडा क्लोराइडची बाधा दूर करूनच घेतलेला हवा. सांडपाणी, माती आणि कामाच्या जागेवरची हवा यांना एकूण आकडा लावणं चुकीचं आहे. तो कधी उगाच घाबरवतो, कधी खोटा दिलासा देतो.

म्हणून ग्रामपंचायतीनं, फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्यानं किंवा कारखान्याशेजारी शेत असलेल्यानं क्रोमियमचा अहवाल हाती घेतल्यावर काही गोष्टी विचाराव्यात. हा आकडा एकूण आहे की हेक्झाचा? हेक्झाचा असेल तर बाटली किंवा फिल्टर वेगळा घेतला होता का, त्यात काय घातलं होतं, नमुना घेतल्यापासून मोजेपर्यंत किती वेळ गेला? कोऱ्या नमुन्याचा आकडा काय आला, घातलेलं क्रोमियम किती परत मिळालं? आणि प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता असेल, तर तिच्या व्याप्तीच्या यादीत याच प्रकारच्या नमुन्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आहे का? चांगली प्रयोगशाळा ही उत्तरं लगेच देते. ती मिळत नसतील तर अहवाल परत करावा आणि नमुना पुन्हा घ्यायला लावावा.